हरणी कशानं मेली

लटारीकाका,

शालिकरावांची गाय हरणी तुमच्यामुळे मेली नाही. माझ्यामुळे मेली. एवढी दोन वाक्यं तोंडातून काढायला मला पंधरा वर्षं लागली, आणि काढली तेव्हा तुम्ही खाटेला खिळला होतात, कूस बदलायलाही काकूंचा हात लागत होता. त्यानंतर सोळा दिवसांनी तुम्ही गेलात. आज पाचवा दिवस. तुम्ही होतात तोवर मी तुमच्याशी कायम साहेबासारखा बोललो. आता तुम्ही ऐकायला नाही, तर माणसासारखं बोलून बघतो.

आधी ती गोष्ट नीट सांगतो. तुमच्या खाटेशी बसून सांगितली तेव्हा माझी जीभ अडखळत होती आणि त्यातलं निम्मं मी गाळलं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. तुमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नव्हतो, पण गाव मला डाक्तर म्हणायचं आणि तुम्ही मला अर्धा डाक्तर म्हणायचात. त्या दिवशी शालिकरावांच्या अंगणात मला गव्हाच्या कुटारावर, म्हणजे भुशावर, युरियाची प्रक्रिया करून दाखवायची होती. नुसत्या कुटारानं जनावराचं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. तेच कुटार युरियाच्या पाण्यानं भिजवलं, दाबून भरलं आणि तीन आठवडे ताडपत्रीखाली बंद ठेवलं की मऊ पडतं, पचायला सोपं होतं, त्यातलं प्रथिन वाढतं. हे सगळं खरं आहे. मी आजही हेच शिकवतो.

पण लोकांनी कुटार कमी आणलं, आणि मी पाणी पुऱ्या हिशेबानं कालवलं होतं. अर्धा टब उरला. तो तेव्हाच दूर नेऊन खड्ड्यात ओतायला हवा होता. मी म्हणालो, "राहू द्या, उद्या अजून कुटार आणा, हेच पाणी कामी येईन." गुरांच्या कोठ्याच्या भिंतीला टब लावला, वर पोतं टाकलं आणि चहा पिऊन देवळीला घरी निघून गेलो.

आणि एक शब्द मी त्या दिवशी मुद्दाम बोललो नाही. विष. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावात मी सांगितलं होतं की हे पाणी नुसतं पोटात गेलं तर विष आहे, नीट मुरलेलं कुटार मात्र विष नाही. लोकांनी पहिलं अर्धं वाक्य ऐकलं. ताडपत्री उघडायलासुद्धा कोणी आलं नाही. तेव्हापासून मी तो शब्दच टाकून दिला. "हात धुऊन घ्या" एवढंच म्हणायचो. माझं प्रात्यक्षिक यशस्वी व्हावं म्हणून मी एका अंगणात उघडं विष ठेवलं आणि त्याचं नाव कोणाला सांगितलं नाही.

तुम्ही गावचे गायकी, गुराखी. दिवस मावळता तुम्ही गावच्या गाईंचं गोहन घेऊन आलात. गाई आपापल्या घरी वळल्या. हरणी तहानलेली होती. पोतं तिनं थुतरीनं सारलं असेल.

देवळीच्या स्टँडवर मला फोन आला. मोटरसायकलनं पोचलो तोवर ती आडवी झाली होती, पाय ताठ, पोट ढोलासारखं, तोंडाला फेस. फेसाला झोंबणारा वास येत होता, मुतारीत येतो तसा. टब तळापर्यंत कोरडा. मी एका नजरेत सगळं ओळखलं. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "किराळ लागली असन."

किराळ म्हणजे काय ते आपल्याकडे लेकराला माहीत असतं. जवारी कापून नेली की बुडख्यांना कोवळे फुटवे येतात. ते गाईनं खाल्ले तर तासाभरात गाय लोळते. "गोहन आज नाल्याकडच्या वावरातून आलं म्हनते," दुसरं कोणी म्हणालं. शालिकरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"हाव का जी, साहेब?"

मी म्हणालो, "तसंच दिसते."

तुम्ही तेव्हा काट्यांच्या कुंपणाबाहेर उभे होतात. शालिकरावांच्या थोरल्या मुलानं तुम्हाला आत येऊ दिलं नव्हतं. "पुढं येऊ नको लटारी," तो ओरडत होता, "तुले डोये हाय का बटनं?" तुम्ही जवळ आला असता तर वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला असता, आणि किराळीला असा वास येत नाही हे एका क्षणात बोलला असता. मी तुम्हाला आत बोलावलं नाही. गर्दी पांगल्यावर टब धुतला आणि पालथा घातला. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रजिस्टरात लिहिलं: ज्वारीची विषबाधा. अक्षर चांगलं आलं होतं. ते पान मी नंतर पुन्हा पुन्हा काढून पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

हे मी ज्या माणसाशी केलं त्यानंच मला गाय बघायला शिकवलं होतं.

मी आष्टीकडचा. नोकरीला लागलो तेव्हा जनावरांचं पोषण मला वहीत येत होतं. सुकी वैरण किती, हिरवी किती, खुराक किती, दुधाच्या मानानं किती वाढवायचा, सगळं पाठ. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सकाळी आखरावर बोलावलंत, जिथं सगळ्या गावच्या गाई गोळा व्हायच्या. बोट दाखवून विचारलंत, "सांगा साहेब, यातली कोनती गाय रात्री उपाशी होती?" मी हाडं पाहिली, कातडी पाहिली, एक रोडावलेली गाय दाखवली. तुम्ही हसलात. "थे तं जातीचीच बारीक हाय. डावी कूस पाहा जी, डावी." मग मला गाईच्या मागे उभं करून बरगडीमागचा डावा खळगा दाखवलात. भरलेला असेल तर पोट भरलंय, आत गेलेला असेल तर नाही. ज्या गाईला तुम्ही हात लावलात ती धडधाकट, तुकतुकीत होती आणि तिचा खळगा वाटीसारखा आत गेला होता. "हिची मालकीन माहेरी गेलती," तुम्ही म्हणालात, "आन् मालकाले गवानीत काय टाकावं थे समजत नाई."

शेण बघायलाही तुम्हीच शिकवलंत. पातळ पडलं तर खुराक जास्त झाला, वैरण कमी पडली. घट्ट गोळे पडले तर पाणी कमी. शेणात अख्खे दाणे दिसले तर ढेप नि भरडा वाया चालला. आणि दुपारी झाडाखाली गोहन बसलं की मोजायचं, दहातल्या किती रवंथ करतात. सहासात करत असतील तर सुखात आहेत. हे सगळं पुढं मला इंग्रजीतल्या पुस्तकात सापडलं, चित्रांसकट. तुमचं नाव त्यात नव्हतं. मीही माझ्या भाषणात कधी घेतलं नाही.

मी तुम्हाला शिकवलेली एकच गोष्ट तुम्हाला मनापासून आवडली. चारा एकदम बदलायचा नाही, आठदहा दिवसांत हळूहळू बदलायचा, हे तुम्हाला माहीत होतं, पण का ते माहीत नव्हतं. मी सांगितलं की गाईच्या पोटात कोट्यवधी जंतू असतात, चारा तेच पचवतात, आणि नव्या चाऱ्याची त्यांना सवय व्हायला वेळ लागतो. म्हणजे खरं तर आपण गाईला नाही, त्या जंतूंना चारतो. तुम्ही काठीवर हनुवटी टेकवलीत.

"म्हंजे साहेब, चाळीस वर्सं मी गाई नाई, जंतू चारून राह्यलो?"

"तसंच म्हणा."

"बाप्पा! आन् माह्या बायकोले वाटते मी गायकी हाय."

आठवडाभर तुम्ही आखरावर येईल त्याला सांगत होतात. "तुह्या घरचे जंतू आज उशिरा आले रे." पार्बताकाकूंनी तर मला घरी बोलावून दम दिला, "याहीले काही शिकवत नका जाऊ. आता भाकरीचा घास घेतला की म्हंते, जंतूहीले पोचला का." त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्या घरी जेवलो. अंबाडीची भाजी होती. त्यानंतर किती वेळा जेवलो त्याचा पत्ता नाही. हा प्रश्न मला पुढं फार जड जाणार होता.

आपलं एक भांडण मात्र तसंच राहिलं, काका. माझं म्हणणं होतं की गाई घरी बांधा, कडब्याची कुट्टी करा, खुराक मोजून द्या, दूध वाढेल. तुम्ही म्हणायचात, "बांधलेल्या गाईले तुमी देसान थे खावं लागते. सुटलेली गाय येचून खाते. तिले मालूम असते काय कमी पडलं." मी म्हणायचो, जनावराला काय कळतं. तेव्हा तुम्ही मला नव्यानं व्यालेली एक गाय दाखवली होती, नाल्याच्या काठावर वाळलेलं हाड चघळणारी. "हे पाहा. अंगातलं मीठ सरलं हिच्या." माझ्या पुस्तकात त्याला स्फुरदाची कमतरता म्हणतात. मी तिला खनिज मिश्रण सुरू केलं, महिन्याभरात तिनं हाडांकडे बघणं सोडलं. तुम्ही म्हणालात, "तुमची पुडी बी खरी, माही गाय बी खरी." मी म्हणालो, पण पुडीनंच बरी झाली ना. तुम्ही म्हणालात, "सांगतलं कोनं?"

याचं उत्तर मी उद्या देतो म्हणालो होतो. मग हरणी मेली, आणि तुमच्याशी वाद घालायचं तोंड मला राहिलं नाही.

गोहन एका दिवसात मोडलं नाही. मोडलं असतं तर बरं झालं असतं, तुम्ही भांडला तरी असता. पहिल्या आठवड्यात शालिकरावांच्या भावकीनं गाई थांबवल्या. मग कोणी म्हणालं, आमची गाभण आहे, थोडे दिवस घरीच ठेवतो. कोणी म्हणालं, साहेबानं सांगितलं बांधून खाऊ घाला म्हणून. हे खरंच होतं, मी सांगितलं होतं. तुम्ही सकाळी आखरावर उभे राहून हाक द्यायचात आणि दारं उघडत नसत. होळीला तुमच्या काठीमागे सहा गाई उरल्या. पाडव्यानंतर एकही नाही. "लटारीची नजर गेली" हे गावात इतकं रुळलं की पुढं कोणाचं बी उगवलं नाही, कोणाचं लग्न फिसकटलं, तरी लोक हसून म्हणायचे, लटारीले राखाले देलतं का?

तुम्ही एका जिनिंगच्या फाटकावर चौकीदार म्हणून लागलात. घरी चार शेळ्या ठेवल्यात. मला भेटलात की पूर्वीसारखंच बोलायचात, फक्त अर्धा डाक्तर म्हणणं बंद झालं. साहेब म्हणायला लागलात. मला ते बोचायचं आणि बरंही वाटायचं, दोन्ही.

मग ते प्रशिक्षण. वर्षातून एकदा समाजमंदिरात पशुआहाराची मूलतत्त्वं शिकवायचा कार्यक्रम असायचा आणि शिकवणारा मी. तुमच्याकडे एकही गाय नव्हती, तरी तुम्ही यायचात, मागं खांबाला टेकून बसायचात. मी फळ्यावर वैरण, खुराक, खनिजं, पाणी असं लिहायचो. शेवटी विचारायचो, कोणाला काही शंका? तुम्ही उभे राहायचात.

"साहेब, कोवळी जवारी किती खाल्ली म्हंजे गाय मरते?"

पहिल्या वर्षी मी उत्तर दिलं. फुटवे किती उंच आहेत, जमिनीत ओल किती, गाईचं पोट रिकामं होतं का, यावर अवलंबून असतं. तुम्ही मान हलवून बसलात. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न. मी तेच उत्तर दिलं, थोडं घाईनं. तिसऱ्या वर्षी तुम्ही म्हणालात, "दोनचार तोंडं मारली, तरी मरते का? म्हंजे गायक्याचं ध्यान नसलं तेवढ्यात?"

पुढं बसलेला एक पोरसवदा शेतकरी हसला. "काका, आता तुमाले कोन गाय देऊन राह्यलं? काऊन इचारता?"

"मले गाय नाई पाह्यजे रे," तुम्ही म्हणालात. "मले समजून घ्याचं हाय."

तेव्हा मला कळलं की गावानं तुमच्यावर ठेवलेला आळ तुम्ही नुसता सोसत नव्हतात. तुम्हाला तो खरा वाटत होता. हरणी मेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही नाल्याकडचं ते वावर ओळीओळीनं पालथं घातलं होतं, हे मला नंतर काकूंकडून कळलं. एकही फुटवा दिसला नाही. मग तुम्ही ठरवलंत की होते ते हरणीनंच खाल्ले असतील, म्हणून दिसत नाहीत. ज्या माणसाच्या नजरेला मी गुरू मानत होतो तो माणूस स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवेनासा झाला, आणि त्याची शंका फेडायला दरवर्षी माझ्याकडेच येत राहिला. मी फळ्यासमोर हातात खडू घेऊन उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "दोनचार तोंडांनी शक्यतो मरत नाही, पण सांगता येत नाही."

"सांगता येत नाही." काका, हे मी शास्त्र म्हणून बोललो नव्हतो.

बदली झाली, मी दुसऱ्या गावी गेलो, पण राहायला देवळीतच होतो. तुमची खबर येत राहायची. या उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं की वर्ध्याच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं आहे, आता औषध नाही म्हणाले. मी आलो. सांगायलाच आलो होतो असं म्हणणार नाही. भेटायला आलो होतो, फळं घेऊन, जसे सगळे येतात.

काकूंनी चहा ठेवला आणि गहू निवडत दाराशी बसल्या. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत, आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आधी म्हणालात, "साहेब, आता तं मी चाललो. आता खरं सांगून टाका. किती तोंडं मारली असन तिनं?"

माझ्याच्यानं पुढं राहवलं नाही.

"काका, हरणी किराळीनं मेली नाही."

मी टबाचं सांगितलं. पोत्याचं सांगितलं. वास, रजिस्टर, पालथा घातलेला टब. तुम्ही मध्ये एकदाच बोललात.

"टब किती भरून होता?"

"अर्धा."

"सगळा पेली?"

"सगळा."

तुम्ही छताच्या टिनाकडे नजर लावलीत. मग म्हणालात, "त्या दिवशी उशीर झालता. नाल्यावर पानी नाई पाजलं मी, सीधा घरी आनलं गोहन. तहानेली होती. पाजलं असतं तं पेली नसती."

काका, तिथंसुद्धा तुम्ही स्वतःचाच दोष शोधून काढलात. मी तुमचा हात धरला आणि जवळजवळ ओरडलो, नाही, तुमचा काही संबंध नाही, तहानलेली गाय घरी येऊन पाणी पिणारच, तिथं विष मी ठेवलं होतं. तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

"मंग वावरात फुटवे नव्हते," तुम्ही म्हणालात.

"नव्हते."

"मी पाह्यलं होतं ना. गाई घालाच्या आंधी पाह्यलं होतं, इकडून तिकडं." तुमच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे वाहत गेलं. रागानं की सुटल्यासारखं वाटून, ते मला ओळखता आलं नाही. मी काहीतरी ओळखायच्या लायकीचा उरलो नव्हतो. मग तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. "जा आता, साहेब."

एवढं सगळं बोललो, पण माफ करा हे दोन शब्द मी तुम्हाला म्हटले नाहीत. म्हटले असते तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तुमचा स्वभाव मला ठाऊक होता. मरणाच्या दारातल्या माणसाकडून एवढ्या सहज सुटका करून घ्यायची मला लाज वाटली. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता वाटतं, तीही एक पळवाटच होती.

दाराशी काकू तशाच बसल्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. सुपातून हात न काढता म्हणाल्या, "साहेब, माह्या घरी तुमी किती डाव जेवले?"

मी मान खाली घातली.

"नाई, इचारते. मोजले नाई मी. तुमाले ध्यानात असन तं सांगा."

"काकू, मी..."

"मले नोका सांगू. मले काय सांगता? मले मालूमच होतं यायची नजर चुकत नसते." त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला. "ज्याहीनं गाई सोडून नेल्या, त्याहीले सांगा. हे जित्ते हाय तोवर सांगा."

मी हो म्हणालो. आणि पुन्हा तेच केलं, काका. आज जातो, उद्या जातो. ग्रामसभेत सांगावं का, की आधी शालिकरावांना घरी जाऊन गाठावं, निवृत्तीला किती वर्षं उरली, रजिस्टरचं काय होईल. मध्ये दोनदा तुमच्याकडे आलो. पहिल्यांदा तुम्ही बोलला नाहीत. दुसऱ्यांदा काकू पाणी आणायला गेल्या तेव्हा तुम्ही पडल्यापडल्या माझ्याकडे पाहून म्हणालात, "अर्धा डाक्तर." बस, तेवढंच. पंधरा वर्षांनी. तुम्ही ते हसून म्हणालात की कसं, यावर मी गेले कितीतरी तास घालवले आहेत. मला ते हसून म्हटल्यासारखं वाटायला हवं आहे, म्हणून मी त्याची साक्ष काढणार नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी तुम्ही गेल्याचा फोन आला. जित्ते हाय तोवर, असं काकू म्हणाल्या होत्या. ती मुदत मी घालवली.

मोक्षधामात माणसं बरीच आली होती. अग्नी दिल्यावर नेहमीप्रमाणे सगळे टिनाच्या शेडखाली बसले आणि शोकसभा सुरू झाली. सरपंच बोलले, साधा, सरळ, कष्टाळू माणूस. निवृत्त गुरुजी बोलले, लटारीभाऊनं आयुष्यभर गावाच्या गाई राखल्या, एकही हरवू दिली नाही. माझ्या मागच्या ओळीत कोणीतरी हलकेच म्हणालं, "एक हरणी सोडून." आणि दोघंतिघं गालात हसले. वाईट मनानं नाही. इतकी वर्षं चालत आलेली गंमत होती ती. तुमच्या चितेचा धूर समोर शेडच्या वर चढत होता आणि तुमच्या मागं त्या गावात तेवढंच राहणार होतं.

बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. मी उठलो. गुरुजींना वाटलं, साहेबांना दोन शब्द बोलायचे आहेत, त्यांनी बाजूला सरून जागा दिली.

मी भाषण केलं नाही. तारखेपासून सुरुवात केली, दिवाळीनंतरचा तो दिवस, शालिकरावांचं अंगण, कुटार किती आलं, पाणी किती कालवलं, किती उरलं, कुठं ठेवलं, काय बोललो नाही. शालिकराव दुसऱ्या ओळीत होते. आता फार थकले आहेत. टबापर्यंत आलो तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यांचा थोरला मुलगा उभा राहिला, मग कोणी न सांगता पुन्हा खाली बसला. मी म्हणालो, त्या संध्याकाळी याच शालिकरावांनी मला विचारलं, किराळ का, आणि मी हो म्हणालो. ते खोटं होतं. मला माहीत असताना बोललो. लटारीकाकांनी गाई घालायच्या आधी वावर बघितलं होतं आणि बरोबर बघितलं होतं. तुम्ही गाई घरी नेल्या त्या माझ्या शब्दावर नेल्या. रजिस्टरात काय लिहिलं आहे ते मी उद्या माझ्या वरिष्ठांना लेखी देणार आहे.

ते दुसऱ्याच दिवशी दिलं, काका. त्याचं जे व्हायचं ते होवो.

बाहेर लाकडं तडतडत होती. शालिकराव उठले, काठी टेकत माझ्या शेजारून गेले, माझ्याकडे बघितलं नाही, आणि चितेजवळ जाऊन हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्या मागोमाग गेलो. लोकांकडे पाठ होती, म्हणून ऐकू यावं इतक्या मोठ्यानं बोललो. घरची, आष्टीची बोली आपोआप आली.

"लटारीकाका, हरणीले मी मारलं आन् नाव तुमचं होऊ देलं. तुमचं गोहन मी मोडलं. तुमी इचारत राह्यले आन् मी तुमाले फसवत राह्यलो. मले माफ करा."